चारच्या जागी एक

कारखान्याचं धुराडं पेटलं की आमच्या गल्लीत मळीचा वास येतो. बाहेरगावचे पावणे नाक वर करून म्हणतात, "वा! काय गुळाचा वास सुटलाय!" गूळ कसला डोंबलाचा. गुऱ्हाळाचा वास वेगळा आणि कारखान्याच्या मळीचा वेगळा. मळी आंबूस असते, नाकात बसते, आणि चार महिने उठत नाही. वरून काजळी. सकाळी गच्चीवर पांढरी चादर वाळत घालावी आणि दुपारी ती ठिपक्यांची काढावी. तरी हंगाम आला की कोल्हापूरच्या माणसाला बरं वाटतं, मलाही वाटतं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून हायवेनं जातात, मागून पोरं ऊस ओढतात, ड्रायव्हर आईबहिणीवरून शिव्या घालतो आणि स्वतःच हसतो.

यंदाही परवा सकाळी दुकानाचं शटर वर केलं आणि वास माझ्याआधी आत गेला. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एकटी बाई, एक टेबल, तीन स्क्रू-ड्रायव्हर, आणि लोक म्हणतात तशी एक फाटकी जीभ. हा वास आला की मला महानंदा आठवते. प्रेमानं नव्हे. दाढेत उसाचं चिपाड अडकतं ना, जीभ सारखी तिथंच जाते, तशी आठवते.

तेव्हा सीडीचा जमाना होता. राजारामपुरीत एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत आमचा हार्डवेअरचा क्लास चालायचा. सहा मशीन, त्यांतली चार चालू. खाली शिलाई मशीनची घरघर, वर आमच्या पंख्यांची. एकोणीस पोरं आणि आम्ही दोघी. पोरं आमच्याकडं बघून घेत आणि मग मशीनकडं बघत, त्यामुळं त्यांना यायचं काहीच नाही.

महानंदा सीमेवरच्या गावची. तिच्या गावात एका बाजूनं आपली एसटी यायची आणि दुसऱ्या बाजूनं कर्नाटकची. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि भांडताना दोन्ही. ती आईला अव्वा म्हणायची आणि थोरल्या बहिणीला अक्का. मी तिच्यापेक्षा नऊ महिन्यांनी मोठी निघाले, तर पहिल्याच दिवशी मला अक्का करून टाकलं. मी काही मागितलं नव्हतं. डब्यात कडक भाकरी आणायची, पापडासारखी मोडणारी, सोबत शेंगांची चटणी. अर्धी मोडून माझ्या पुढ्यात ठेवायची आणि म्हणायची, "खा की अक्का, मी काय एकटी खातो व्हय?" आमच्याकडं बायका पण 'मी खातो, मी जातो' असंच बोलतात. पुण्याच्या लोकांना हसू येतं. येऊ दे.

आता तिच्या हाताबद्दल सांगते. मशीनमध्ये रॅमची पट्टी बसवताना 'टक्' असा आवाज होतो. तो आला म्हणजे बसली. महानंदाच्या हाताला तो एका दमात यायचा, बोलता बोलता, बघायचं सुद्धा नाही. मी तीनदा काढायची, तीनदा घालायची, आणि चौथ्यांदा सरांना हाक मारायची. एकदा सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिचा हात बघा रे. हात असावा तर असा." माझ्या हाताबद्दल सर कधीच काही बोलले नाहीत. एवढंच. याच्यापलीकडं माझ्यापाशी काही कारण नव्हतं. मला नोकरीची गरज नव्हती, घरी बाबांची पिठाची गिरणी जोरात चालत होती, मला कुणी काही कमी केलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा बिचारा माझ्यासाठी कारणं शोधत बसेल.

सर तालमीतले. कान मोडलेले, मान खांद्यात गेलेली, आणि त्या बोटांनी ते इवले इवले स्क्रू काढायचे. सगळं शिकवायचे, अगदी मनापासून, एक गोष्ट सोडून. ऑपरेटिंग सिस्टीमची डिस्क, आम्ही नुसतं 'ओएस' म्हणायचो, ती स्वतः तयार कशी करायची, हे शेवटपर्यंत दाखवायचे नाहीत. त्याचं असं आहे, की नुसत्या फाईली कोऱ्या सीडीवर उतरवल्या तर डिस्क भरते. उघडून बघितलं तर सगळं दिसतं, एक फाईल कमी नाही. पण रिकामं मशीन त्या डिस्कवरून उठत नाही, सुरूच होत नाही. त्याला उठवायला दोन केबीची एक बारकी फाईल वेगळी जोडावी लागते, आणि जोडताना प्रोग्रॅम तीन प्रश्न विचारतो. तिसरा प्रश्न, सुरुवातीला किती सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे कप्पे, वाचायचे. चौकटीत आधीच 'एक' लिहिलेलं असतं. तिथं 'चार' करावं लागतं. नाही केलं तरी डिस्क तयार होते, ट्रे बाहेर येतो, प्रोग्रॅम शाबासकी देतो. फक्त ती डिस्क मेलेली असते.

त्या तिसऱ्या प्रश्नाला आले की सर मॉनिटर स्वतःकडं वळवायचे. "तिकडं बघा जरा." आम्ही तिकडं बघायचो. एकदा एका पोरानं विचारलंच, सर असं का, तर म्हणाले, "वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. उद्या पठ्ठ्या उलटला तर?" आणि गदगदा हसले. कोल्हापुरात याला कुणी वाईट म्हणत नाही. ही रीतच आहे. तालमीत तशी, सोनाराकडं तशी, मटणाच्या मसाल्यात तर हमखास तशी.

मी मात्र तिकडं बघितलं नाही. सरांच्या पाठीमागं काचेचं कपाट होतं, त्यात पडदा उलटा दिसायचा. चार उलटा झाला तरी चारच कळतो.

दिवाळी झाली. धुराडं पेटायच्या बेतात होतं, रस्त्याकडेला ऊसतोडवाल्यांच्या खोपी उभ्या राहिल्या, सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली. नदीपलीकडच्या एका कारखान्याला ऊस नोंदणीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायला माणूस हवं होतं. एकच जागा. आमच्या क्लासमधून आम्हा दोघींची नावं गेली. परीक्षा अशी, की तिथं दोन रिकामी मशीन आहेत, आपापली डिस्क घेऊन या आणि ओएस टाकून दाखवा. मी का अर्ज केला? महानंदानं केला म्हणून.

तिचं मात्र सगळं त्यावर होतं. तिच्या अप्पांनी निक्षून सांगितलं होतं, पौष सरायच्या आत नोकरी लागली तर तू मोकळी, नाहीतर गोकाकचं स्थळ पक्कं. गोकाकला किराणा दुकान, नवरा मुलगा तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. महानंदा हे रडत सांगायची नाही, ऊस दातानं सोलता सोलता सांगायची. "मला काय अवघड न्हाय ग अक्का ते. ओएस टाकायची म्हणजे काय, झोपेत टाकतो की. नोकरी लागली की स्टँडच्या मागं खोली घेतो. तू रोज यायचीस. मी भाकरी करतो, तू नुसतं बसायचं." तिनं खोली बघून सुद्धा ठेवली होती. खिडकी मोठी आहे म्हणाली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी ती क्लासमध्ये आली. सर बाहेर गेलेले. सरांची डिस्क ओरखड्यांनी चाळण झालेली, तिची नक्कल निघत नव्हती, फाईली तेवढ्या मशीनमध्ये होत्या. तेव्हा नवी डिस्क स्वतःच तयार करायची. माझी सकाळीच करून झाली होती. तिनं कोरी सीडी आणली होती, तिच्यावर आधीच पेननं लिहिलेलं, 'ओएस, महानंदा', आणि कडेला बारकं फूल. अशी हौस. ती खुर्चीवर बसली, मी मागं उभी. पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला ती थांबली.

"अक्का, इथं एक हाय. एकच राहू दे का? सर इथं काहीतरी बदलतात बघ."

खाली शिंप्याचं मशीन चालू होतं. खिडकीतून ऊन तिच्या वेणीवर पडलं होतं. मला चांगलं पाच-सहा श्वास घेण्याएवढा वेळ मिळाला. कुणी म्हणेल एका क्षणात घडून गेलं. नाही. मी विचार केला, सावकाश केला, आणि म्हटलं, "राहू दे की एकच. तो दुसऱ्या प्रकारच्या डिस्कला बदलायचा असतो."

तिनं बटण दाबलं. डिस्क गरगरायला लागली. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

ट्रे बाहेर आला तेव्हा ती म्हणाली, "एकदा चालवून बघूया का?" लोडशेडिंगला अजून पंधरा मिनिटं होती. चालवून बघायला दोन मिनिटं पुरली असती. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "माझ्यावर इश्वास न्हाय व्हय?"

"अय्यय्यो, असं कसं ग म्हणतीस!" तिनं डिस्क ओढणीच्या टोकानं पुसली, दोन वह्यांच्या मधे घातली, आणि एसटी गाठायला पळाली.

कारखान्यातलं ऑफिस मला अजून दिसतं. गाळपाच्या गव्हाणीत ऊस पडतानाचा धडधडाट, टेबलावर साखरेसारखी बसलेली धूळ, खिडकीच्या गजावर काजळी. परीक्षा घेणारे साहेब पान खाणारे, भले गृहस्थ. "बसा पोरीनू. एक तास हाय. चा पाठवतो," म्हणून समोर पेपर उघडून बसले.

माझी डिस्क उठली. निळा पडदा आला. शेजारी महानंदाच्या काळ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. तिनं मशीन बंद केलं, चालू केलं. रेघ. डिस्क काढून फुंकर मारली, पदराला पुसावी तशी ओढणीला पुसली, परत घातली. रेघ. मग तिनं झाकण उघडलं, वायरी काढून घातल्या, रॅम काढून घातली. टक्. एका दमात. परत रेघ. तिचे हात अगदी बरोबर चालले होते, एक सुद्धा चूक नाही, आणि मी ते बघत होते.

अर्ध्या तासानं तिनं हळूच विचारलं, "अक्का, तुझी डिस्क दे की."

साहेब पेपरातून मान न काढता म्हणाले, "द्या की. आमाला काय, कुणाची बी चालंल."

मी म्हटलं, "माझं चालू हाय. मधे काढली तर सगळं जाईल." आणि ते खरं होतं. चालू असताना डिस्क काढता येत नाही. खोटं बोलायची गरजच पडली नाही बघा. ऐनवेळी खरं सुद्धा उपयोगाला येतं.

तास झाला. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि तिला म्हणाले, "असू दे बाळ, समद्यास्नी जमतंय असं न्हाय." चांगल्या मनानं म्हणाले. महानंदा हसली. बाहेर आल्यावर वजनकाट्यापाशी उसाच्या गाड्यांची ही लांब रांग होती, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. ती म्हणाली, "तुझी लागली ते बरं झालं ग. न्हायतर दोघींची बी गेली असती." आणि थोडं चालल्यावर, "माझंच काय तर चुकलं. काय चुकलं असंल ग?"

मी म्हटलं, "काय की."

लग्न माघात झालं. मी गेले होते. जाणार नाही तर कशी, अक्का ना मी. स्टीलचा डबा घेऊन गेले, मोठा, झाकणाचा. एसटीतून उतरून तिच्या घराकडं पायवाटेनं निघाले, दोन्ही बाजूंना शाळू कणसाला आलेला, आणि त्यात पाखरं हाकायला दोऱ्यांवर जुन्या सीड्या टांगलेल्या. आपल्याकडं टांगतातच. वाऱ्यानं फिरतात, उन्हानं चमकतात, पाखरं बिचकतात. एक अगदी वाटेच्या कडेला होती. फिरता फिरता माझ्याकडं वळली. 'ओएस, महानंदा'. आणि बारकं फूल. मी तिथं उभी राहिले. पाखरं मात्र तिला भीत नव्हती, खुशाल बाजूच्या कणसावर बसून दाणे टिपत होती. मग मांडवात गेले, अक्षता टाकल्या, दोनदा भात मागून घेतला.

कारखान्यात मी दोन हंगाम काढले. कंटाळा आला, सोडून दिलं. ती जागा मला तेवढीच हवी होती. नंतर हे दुकान टाकलं. सर मध्यंतरी गेले. शेवटी आजारी होते तेव्हा भेटायला गेले, तर म्हणाले, "तुला एक सांगायचं राहिलं, ते सेक्टर चार करायचे असतात." मी म्हटलं, "होय सर." म्हातारा राखून ठेवलेला डाव देऊन मोकळा झाला. मी त्यांच्या तालमीतली नव्हे, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी डाव राखला होता, उलटा शिकवला नव्हता.

आणि परवा, वास आला त्याच दिवशी, दुकानात एक बाई शिरली. अंगानं भरलेली, कपाळाला भस्माची पुसट रेघ, हातात लॅपटॉपची पिशवी आणि मिठाईचा खोका. "ओळखलंस का ग अक्का?"

आवाजावरून ओळखलं. आवाज तोच होता. म्हणाली, अंबाबाईला आलो होतो, लेकीचा लॅपटॉप बंद पडलाय, तुझं दुकान हाय म्हणून ऐकलं होतं, म्हटलं बघून जाऊ. खोक्यात करदंट होता, गोकाकचा. मी स्टूल दिलं. लॅपटॉप उघडला, म्हटलं, "हे झाकण जरा धर, मी स्क्रू घेतो."

तिनं हात एकदम मागं घेतले. दोन्ही हात पदराखाली. "नको ग बाई. माझा हात लागला की बंद पडतंय. घरात समदे म्हणतात, तू लांब रहा. दुकानात मशीन हाय, पण मी न्हाय जात तिकडं. मला मोबाईल सुद्धा लेकच लावून देती." आणि हसली, तेच हसू, वजनकाट्यापाशी होतं ते.

रॅमची पट्टी एका दमात बसवणारी बाई मोबाईलला भीत होती. मी मान खाली घालून स्क्रू काढले. लॅपटॉपला फारसं काही नव्हतं, ओएस नव्यानं टाकायची. पेनड्राईव्ह लावला. आता प्रोग्रॅम काही विचारत नाही, दोनदा 'पुढं' म्हणायचं की झालं. कुठल्याही पोराला सेक्टर किती असं विचारा, ते म्हणेल, काकू, कसले सेक्टर? ज्या एका आकड्यावर मी एवढी माजले होते, त्याला आज भंगारवाला सुद्धा हात लावणार नाही.

ती टक लावून पडद्याकडं बघत होती. मग म्हणाली, "आता ते तीन प्रश्न विचारत न्हाय व्हय ग?"

तिला आठवत होतं. सगळं, क्रमानं.

"अक्का, तुला आता समदं कळतंय. एक सांग. माझं त्या दिवशी काय चुकलं होतं? मी लई विचार केला. भाकऱ्या थापताना, पोरांना झोपवताना. हात तर बरोबर चालला होता की ग माझा."

बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला, गाण्यासकट. एक वाक्य होतं. 'तू विचारलं होतंस आणि मी मुद्दाम चुकीचं सांगितलं.' एवढं बोलले असते तर तिचे हात पदराखालून बाहेर आले असते. मला ते माहीत होतं. मला नेहमी सगळं माहीत असतं. या वेळी सुद्धा पाच-सहा श्वासांचा वेळ होता.

मी म्हटलं, "तिसऱ्या प्रश्नाला तू एक ठेवलास. चार करायला पाहिजे होते."

परत खरंच बोलले बघा.

तिच्या तोंडावर असं काही आलं, की मला वाटलं, कळलं हिला, आता कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "म्हणजे माझीच चूक. बरं झालं बाई सांगितलंस. अक्का, तोंडानं बोलवत न्हाय, पण बोलतो. इतकी वर्षं मला कधी कधी वाटायचं, एक राहू दे असं तूच म्हणाली होतीस. मनात पाप आलं माझ्या. माझीच आठवण फिरली असंल. माफ कर मला."

आणि ती स्टुलावरून उठली आणि वाकून माझ्या पाया पडली. मी "असू दे, असू दे" म्हटलं.

लॅपटॉप चालू झाला. तिनं तो पदरात धरल्यासारखा पिशवीत ठेवला, बटणांना बोट लागू न देता, आणि पाचच्या गाडीनं गेली. करदंटाचा खोका टेबलावर आहे. सकाळी शटर उघडलं की एक वडी खाते. चांगला आहे.